भरीव पावलांची गौर

मोरव्याच्या शिवदासभाऊ भोईरांना अवघड काम सांगू नये, कारण ते नाही म्हणत नाहीत. सोपं काम तर मुळीच सांगू नये, कारण ते त्याचं अवघड करून ठेवतात. त्यामुळे श्रावणातल्या एका संध्याकाळी लेक सलोनीनं जेवता जेवता विचारलं, "पप्पा, या वर्षी मंडळाच्या जोडीत आपण दोघं उतरायचं का?" तेव्हा तिच्या आईनं, चांदणीताईंनी, हातातली आमटीची वाटी गुपचूप खाली ठेवली. पुढं काय वाढून ठेवलंय ते त्यांना दिसलं होतं.

"उतरायचं का म्हणजे?" भाऊ म्हणाले. "धावायचं! मोरवा ते राई आणि राई ते मोरवा. हातात हात धरून."

"पप्पा, तसं नाही, माझं म्हणणं होतं की..."

"तुझं म्हणणं मला कळलं. बाप अजून म्हातारा झाला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलेल्या भाऊंनी ही बातमी दूधवाल्याला दिली. आता दूधवाल्याला सांगितलेली गोष्ट मोरव्यात वेगळी जाहीर करावी लागत नाही. दुपारपर्यंत शेजारच्या मुर्ध्याच्या लोकांनाही कळलं की भोईरांचा शिवदास या वयात धावणार आहे.

गणपतीत, गौरीविसर्जनाच्या दिवशी सकाळी, मंडळ हा कार्यक्रम ठेवतं. बाप-लेक, आई-मुलगा, सासू-सून, कुणीही दोघं. गाव त्याला नुसतं 'जोडी' म्हणतं. मुख्य नियम एवढाच की शेवटची रेघ दोघांनी हात धरूनच ओलांडायची. एकानं मध्येच बसकण मारली की दुसराही बाद.

भाऊंना बक्षीस नको होतं. सलोनीला बंगळुरूला नवी नोकरी लागली होती आणि अनंत चतुर्दशी झाली की ती जाणार होती. ती जाणार म्हटल्यापासून भाऊ घरात उगाचच पंखे पुसत होते, चालू असलेले बल्ब बदलत होते. बोलून दाखवायची सवय नव्हती. लेकीनं आपणहून विचारलंय, तर तिचा हात धरून ती रेघ ओलांडायची, मध्ये बसायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

अडचण एकच होती. भाऊंचे पाय सपाट होते.

सपाट म्हणजे अगदी घोटून सारवल्यासारखे. तळव्याला मधोमध जी कमान असते ती भोईरांच्या घराण्यात द्यायची देव विसरला होता. पाय टेकला की सगळाच टेकायचा. बाजूच्या घरात राहणाऱ्या पुष्पलताआत्या, म्हणजे भाऊंच्या वडिलांची सख्खी बहीण, याला दोष मानायला तयार नव्हत्या. "आपला आजा मिठागरान काम करं," त्या म्हणायच्या. "चिखलान रुतू नये म्हनून देवानं आपल्याला पाटासारखं पाय दिलं." आता मिठागरं जवळजवळ गेली, भातशेतीही गेली, भाऊंनी बाजारपेठेत दिव्यांच्या माळांचं आणि पंख्यांचं दुकान टाकलं. पाय मात्र आजोबांचेच राहिले. बाजारातून दोन फेऱ्या मारल्या की घोटे आत कलायचे, मग गुडघे कुरकुरायचे, आणि रात्री चांदणीताईंना तेलाची बाटली काढावी लागायची.

सरावाच्या पहिल्या दिवशी भाऊ मोठ्या ऐटीत तळ्याकडे धावत गेले आणि रिक्षानं परत आले. रिक्षावाला ओळखीचा निघाला, फारच आग्रह करायला लागला, असं त्यांनी घरी सांगितलं.

"चूक पायांची नाही, चपलांची आहे," भाऊंनी निदान केलं आणि ते हितेशच्या दुकानात गेले. हितेश आणि भाऊ शाळेत एका बाकावर बसायचे. भाऊंचं गणित हितेशनं सोडवलं आणि हितेशचं मराठी भाऊंनी, त्यामुळे दोन्ही विषय दोघांचेही कच्चे राहिले. बूट विकायची हितेशची एक पद्धत होती. तो बुटात अंगठा दाबायचा आणि डोळे मिटायचा.

"शिवदासभाय, ए बूट नथी, गादी छे गादी. हात लावून बघ."

भाऊंनी हात लावून बघितला. हाताला खरंच छान वाटलं. पण धावायचं होतं पायांनी. दुसऱ्या दिवशी त्या गादीवर भाऊंचे पाय असे काही आत कलंडले की तळ्यापर्यंत जायच्या आधीच रिक्षावाला आपणहून थांबला.

भाऊ परत दुकानात गेले. हितेशनं या वेळी डोळे मिटले नाहीत. वरच्या फळीवरून त्यानं एक जोडी काढली. टाच टणक, आतली कड टणक, पुढं बोटांना ऐसपैस जागा. "तुझा पाय मला माहीत आहे. हे घे. पहिले दोन दिवस शिव्या देशील, मग आशीर्वाद देशील." भाऊ ते घालून घरात हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत चालले आणि काढून ठेवले. "बूट आहेत की लाकूड?" ते चांदणीताईंना म्हणाले.

तिसऱ्या वेळी त्यांनी हितेशला तोंडच उघडू दिलं नाही. आपल्याला कमान नाही ना, मग कमानवाला बूट घ्यायचा, असा त्यांचा साधा सरळ हिशोब होता. असा बूट मिळालाही. त्यात मधोमध एवढा मोठा उंचवटा होता की भाऊंना दोन्ही पायांखाली एकेक बटाटा ठेवून चालल्यासारखं वाटलं. तरी ते जिद्दीनं तळ्यापर्यंत गेले. रिक्षावाल्यानं त्या दिवशी पाठीमागं उशी ठेवली होती.

तिन्ही जोड्या आतल्या खोलीतल्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात गेल्या. चांदणीताईंनी बजावलं होतं, "गणपतीच्या दिवसांत दारात बुटांचं दुकान दिसता कामा नये."

गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी सलोनीनं ते कपाट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "पप्पा, तीन-तीन जोड्या? बूट असे घेतात का? फ्लॅट फीटला मऊ नको असतो, सपोर्ट हवा असतो. आधी पाय किती सपाट आहे ते बघायचं. पाय ओला करून जमिनीवर ठेवा, ठसा येईल, त्याचा फोटो हितेशकाकांना पाठवा. ते सांगतील यातली कुठली चालेल. मला उद्या लवकर निघायचंय, पण तुम्ही एवढं करा. आणि पप्पा, त्या जोडीबद्दल मला एक सांगायचं होतं..."

"आधी ठसा," भाऊ म्हणाले. "बाकीचं सगळं नंतर."

शुक्रवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. चांदणीताई आणि पुष्पलताआत्या आळीतल्या बायकांबरोबर तेरडा आणायला गेल्या होत्या. भोईरांकडे गौर तेरड्याची असते. रानातून तेरडा आणायचा, त्याला साडी नेसवायची, मुखवटा लावायचा आणि वाजतगाजत घरात घ्यायची. दुकान घटकाभर कामाच्या माणसावर सोडून भाऊ घरी आले. बालदीत पाय बुडवून त्यांनी काळ्या लादीवर ठेवला. ठसा छान आला. खिशातून फोन काढून, चष्मा शोधून, कॅमेरा उघडेपर्यंत तो वाळला. दुसरा घेतला, तोही वाळला. वर पंखा चालू आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि पंख्यांचं दुकान तर त्यांचं स्वतःचं.

तेवढ्यात त्यांना देव्हाऱ्याजवळ एक परात दिसली. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून पांढरंशुभ्र पातळ करून ठेवलेलं होतं. हे बरं झालं, असं म्हणून भाऊंनी परातीत पाय घातला.

आता मराठी घरातल्या माणसाला गौरीच्या दिवशी देव्हाऱ्याजवळ ठेवलेलं तांदळाचं पीठ कशासाठी असतं हे माहीत असायला हवं. भाऊंनाही माहीत होतं. लहानपणापासून ते दारापासून मखरापर्यंत काढलेली गौरीची पावलं बघत आले होते. पण डोक्यात बूट शिरले की बाकी काही शिरत नाही.

ठसा सुरेख उमटला. भाऊंनी हितेशला व्हिडिओ कॉल लावला.

"एक पाऊल दाखवून काय होते?" हितेश म्हणाला. "चालून दाखव. वजन कुठे पडते ते बघू दे."

मग भाऊ दारापासून चालत निघाले. पाय कोरडा पडला की परातीत बुडवत, फोन खाली धरून, हॉलमधून गणपतीच्या समोरून पुढं गेले, स्वयंपाकघरात फ्रीजपाशी थांबले, पाणी प्यायले, वॉशिंग मशीनला वळसा घातला आणि आतल्या खोलीत कपाटासमोर उभे राहिले. कपाट उघडून त्यांनी एकेक जोडी ठशाशेजारी ठेवून दाखवली.

"दोन नंबर!" हितेश ओरडला. "मी तुला तेव्हाच बोललो होतो. तू तिला लाकूड बोलला. आज आणि उद्या घरात घालून फिर, सैल होऊ दे. रविवारी पळ."

भाऊंना त्या क्षणी हितेशबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की शाळेतलं सगळं गणित त्याला माफ करून टाकावं असं वाटलं. ते बूट घालणार तेवढ्यात दुकानातून फोन आला. गौरीच्या आरासीसाठी माळा घ्यायला गिऱ्हाइकं दारात उभी होती. भाऊंनी बूट परत खणात टाकले, कपाट लावलं, पाय धुतले आणि मागच्या दारानं पळाले. लादी संध्याकाळी लवकर येऊन पुसू, असा त्यांचा विचार होता.

संध्याकाळी माळा विकता विकता त्यांना चांदणीताईंचा फोन आला.

"अहो, घरी या. आणि येताना मोजे घालून या."

"मोजे?"

"मोजे. मोठे, घोट्याच्या वरपर्यंत येतील असे." फोन बंद झाला.

भाऊ घरी पोचले तर दारात ही चपलांची रास. बायका आत जात होत्या, डोळे पुसत बाहेर येत होत्या. चांदणीताईंनी त्यांना मागच्या पडवीत ओढून घेतलं आणि झालेला प्रकार सांगितला.

तेरडा घेऊन सगळ्या दाराशी आल्या. गौर होती आत्यांच्या हातात. बायकांनी उंबऱ्यात पायांवर दूध-पाणी घातलं, थाळ्या वाजवल्या. "कोन आयली?" "गौर आयली!" "कशाच्या पावलानं आयली?" "सोन्याच्या पावलानं आयली!" आणि सगळ्यांनी खाली बघितलं तर पावलं आधीच काढलेली. मुठीनं काढतात तशी नाजूक नाहीत. चांगली हातभर, भरलेली, मध्ये कुठं पोकळी नाही. चांदणीताईंनी पाय ओळखले. पण उंबऱ्यावर आलेली गौर थांबवता येत नाही, आणि काढलेली पावलं सोडून दुसरीकडून नेता येत नाही. आत्यांनी एकदा खाली बघितलं, एकदा चांदणीताईंकडे बघितलं आणि पहिल्या पावलावर पाय ठेवला.

"मग?" भाऊंनी घाबरत विचारलं.

"मग काय? गणपतीसमोरून गौर तशीच पुढं गेली. बायका बघत राहिल्या. तुम्ही फ्रीजपाशी कशाला थांबला होतात?"

"पाणी प्यायला."

"म्हणून तिलाही थांबावं लागलं. आत्यांनी तिला फ्रीज उघडून दाखवला. मग वॉशिंग मशीनभोवती फिरवली. मग आतल्या खोलीत. पावलं जिथं संपतात तिथं गौर बसते. तुमच्या कपाटासमोर बसली आहे ती. मुलगा गणपती मखरात, आई कपाटापाशी. आता दोन ठिकाणी आरती करायची."

भाऊ हळूच आतल्या खोलीत डोकावले. कपाटाच्या दारापासून जेमतेम वीतभर अंतर सोडून टेबल लावलं होतं. त्यावर हिरवी साडी नेसलेली गौर बसली होती, गालातल्या गालात हसल्यासारखी. तिच्या मागं, लाकडी दाराआड, दोन नंबरची जोडी होती. बसलेली गौर विसर्जनापर्यंत हलवत नाहीत. विसर्जन रविवारी संध्याकाळी आणि जोडी रविवारी सकाळी.

म्हणजे बूट गेले. पण दुःख करायलाही उसंत नव्हती, कारण बाहेर वेगळंच प्रकरण उभं राहिलं होतं. बाजूच्या इमारतीतल्या एका बाईंनी शोध लावला होता की ही पावलं कुणी काढलेलीच नाहीत. चांदणी आमच्याबरोबर, सलोनी ऑफिसात, शिवदासभाऊ दुकानात, घर बंद, मग काढली कुणी? आणि पाऊल तरी कसं, सगळं भरीव! म्हणजे या घरात कशाची कमी पडणार नाही. हे एवढं बोलून त्या बाईंनी स्वयंपाकघरातल्या ठशावर डोकं टेकवलं. त्यांच्यामागं रांग लागली.

आपल्याच उजव्या पायावर अर्धी आळी डोकं टेकतेय, हे बघून भाऊ मोज्यांतल्या मोज्यांत आक्रसले. खरं सांगावं तर बायकांच्या डोळ्यांतलं पाणी बघून जीभ उचलेना. न सांगावं तर उभ्या जागी पाप लागेल असं वाटत होतं.

तेवढ्यात हितेश आला, बायकोला, हंसाबेनला, घेऊन. हंसाबेननी पावलं बघितली आणि हात जोडले. "जुओ, साक्षात माताजी!" हितेशनं पावलं बघितली, आणखी वाकून बघितली, मग दुपारी जिथं वजन पडलं होतं ती अंगठ्याजवळची जागा नीट बघितली. त्याचा चेहरा उजळला. "अरे, ए तो शिव..."

भाऊंनी त्याच्या तोंडात करंजी कोंबली. मोठी होती, अख्खी गेली.

"प्रसाद," भाऊ म्हणाले. "बोलायचं नाही. प्रसाद खाताना बोलत नाहीत."

हितेशनं पुढच्या अर्ध्या तासात सहा वेळा तोंड उघडलं आणि सहाही वेळा भाऊ तत्पर होते. हंसाबेन जाताना म्हणाल्या, "शिवदासभाई केटला प्रेमथी खवडावे छे!" हितेशला काहीच म्हणता आलं नाही.

शनिवारचा अख्खा दिवस भाऊ मोज्यांत वावरले. गुळगुळीत लादीवर मोजे घालून चालणं म्हणजे काय ते त्यांना आरती घेऊन जाताना कळलं. ते हॉलमधून निघाले आणि थेट वॉशिंग मशीनला जाऊन थडकले. निरांजन विझलं नाही, याचंही बायकांना कौतुक वाटलं. "पप्पा, मोजे कशाला?" सलोनीनं विचारलं. "थंडी वाजतेय," भाऊ म्हणाले. भाद्रपदात. सलोनीनं लादीकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे बघितलं, आणि ओढणी तोंडात धरून ती गच्चीवर पळाली.

दुपारी बायका पांगल्या तेव्हा भाऊ आत्यांसमोर जाऊन बसले.

"आत्या, ती पावलं गौरीची नाहीत. माझी आहेत."

आत्या सुपातले तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "मना काय आंधली समजलास? तू जन्मला तवा दाईनं पयला तुजा पाय माज्या हातान दिला. तवाच मी बोलली, आयला बग भोईरांचा पाट."

भाऊंचा आ वासला. "मग तू तरी गौर त्यावरून का नेलीस?"

"घरचा कर्ता ज्या वाटंनं चालला त्या वाटंनं गौर गेली. तिला त्याचं काय वायट वाटलं न्हाय, तुला कशाला वाटतंय?"

"आणि त्या बायका? त्या पाया पडतायत माझ्या. त्यांना सांगितलं का नाहीस?"

"इचारलं कोनी?" आत्या म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवून त्यांनी भाऊंच्या पायातला एक मोजा ओढून काढला आणि तो तळवा आपल्या सुरकुतलेल्या हातावर घेतला. "या पायांनी तुज्या आज्यानं, तुज्या बापानं घर उभं केलं. कोनी डोकं ठेवलं त्याच्यावर तं काय बिघरलं?"

बावन्न वर्षं भाऊ हे पाय लपवत आले होते, समुद्रावर गेलं तरी वाळूत खुपसून बसायचे. आत्यांचे हात थंड होते आणि त्यांना फार बरं वाटत होतं. शेवटी त्यांनी बुटांचं सांगितलं, जोडीचं सांगितलं, सलोनी जाणार तेही सांगितलं.

"गौर हालवाची न्हाय," आत्या म्हणाल्या. भाऊंची मान खाली गेली. "पन ती म्हायेरवाशीन हाय. भावानं तिच्या मागं हात घालून सोताचं बूट काढलं, तं ती काय कोर्टान जानार न्हाय. फाटं कोनी यावाच्या आधी काढ."

रविवारी उजाडता उजाडता भाऊ टेबलाखाली शिरले. चांदणीताईंनी गौरीच्या निऱ्या सांभाळून बाजूला धरल्या. कपाटाचं दार वीतभर उघडत होतं. भाऊंनी हात घातला, चाचपडत एक बूट काढला, दुसरा काढला, आणि बाहेर यायला गेले तर पोट अडकलं. जोर करावा तर टेबल हलतंय. पुढं जाता येईना, मागं येता येईना. टेबलाखालून मोजे घातलेली दोन पावलं तेवढी बाहेर होती.

आणि दारातून आवाज आला, "चांदणीवहिनी, विसर्जनाआधी एकदा दर्शन घेऊ म्हटलं." बाजूच्या इमारतीतल्या त्याच बाई. बरोबर आणखी तिघी.

चांदणीताईंनी निऱ्या तशाच धरून ठेवल्या. आत्या मात्र शांतपणे म्हणाल्या, "शिवदासचा नवस हाय. गौरीच्या पायाशी पालथा परून रातीपासून आशीर्वाद मागतंय."

"काय ही भक्ती," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टेबलाला हात जोडले. मग तिघींनीही जोडले. टेबलाखाली भाऊंनी छातीशी बूट धरून श्वास आवरला होता. त्या गेल्यावर चांदणीताईंनी पाय धरून त्यांना ओढून काढलं. भाऊंच्या केसांत तेरड्याची पानं होती आणि हातात दोन नंबरची जोडी. उजवा आणि डावा, दोन्ही बरोबर. चांदणीताईंनी खाली बसून नाड्या बांधून दिल्या, कारण भाऊंना वाकवत नव्हतं. "जा आता," त्या म्हणाल्या. "आणि तिचा हात सोडू नका." इतक्या वर्षांत भाऊंनी बायकोचे कधी आभार मानले नव्हते. त्या दिवशी मानले. चांदणीताईंना इतका धक्का बसला की त्यांनी एका बुटाची नाडी सोडून परत बांधली.

मंडळाच्या मंडपासमोर गर्दी होती. सलोनीनं भाऊंच्या शर्टावर पिवळा नंबर लावला. भाऊंनी तिचा हात घट्ट धरला आणि शिट्टी वाजताच ते सुटले.

"पप्पा, थांबा, ही शिट्टी..."

"माझी काळजी करू नकोस," भाऊ धावता धावता म्हणाले.

आणि खरोखर काळजीचं काही नव्हतं. टाच बुटात घट्ट बसली होती, घोटा आत कलत नव्हता, बोटं ऐसपैस पसरली होती. लाकूड म्हणून ज्याला हिणवलं त्यानं आज आधार दिला होता. मुर्ध्यापर्यंत भाऊ धावले. रस्त्यात रिक्षावाला दिसला, त्यानं सवयीनं रिक्षा कडेला घेतली, भाऊंनी त्याला लांबूनच हात केला. राईच्या वळणावर छाती भरून आली तेव्हा ते थोडं चालले, आणि मग परत धावले. सलोनी पावलाला पाऊल लावून बाजूला होती. तिचा हात घामेजला होता, भाऊंचाही. हितेश, आत्या, चांदणी, ती गौर, हे बूट, सगळ्यांचे आभार कसे मानायचे ते त्यांना कळेना. मग त्यांनी मनातल्या मनात एकदाच सगळ्यांना हात जोडले, कारण खरे हात रिकामे नव्हते.

मोरव्याचा मंडप दिसला. लोक टाळ्या वाजवायला लागले. शेवटची रेघ दोघांनी एकदम ओलांडली, हात धरून. भाऊ गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि एकाच वेळी हसायला आणि रडायला लागले. सलोनी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

तेवढ्यात माईक खरखरला. मंडळाचा साहिल बोलत होता. "एक सूचना. पिवळे नंबर चालण्याच्या गटाचे आहेत. पहिली शिट्टी धावणाऱ्यांची होती. चालण्याच्या गटातले शिवदास भोईर आणि सलोनी भोईर धावल्यामुळे त्यांची जोडी बाद करण्यात येत आहे."

भाऊंनी छातीवरचा नंबर बघितला. पिवळा. आजूबाजूला दम खात उभ्या असलेल्या सगळ्यांचे लाल होते.

"चालण्याचा गट?" त्यांनी लेकीकडे बघितलं.

"मी तुम्हाला चालायलाच विचारलं होतं पप्पा," सलोनी म्हणाली. "तुमचे पाय मला माहीत नाहीत का? माझेही तेच आहेत. रोज सांगायचं ठरवत होते, तर तुम्ही रोज सरावाच्या गोष्टी काढायचात. एवढे खूश असायचात."

"मग आज? मला ओढून थांबवायचं होतंस."

"थांबवणार होते. पण तुम्ही सुटलात आणि तुमचा चेहरा बघितला." तिनं नाक पुसलं. "मग म्हटलं, नंबर गेला तर गेला. हात कशाला सोडू?"

भाऊ ताठ उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि लेकीचा हात न सोडता तिला घेऊन मंडपाशी गेले. तिथं हितेश होता, आत्या होत्या, चांदणीताई होत्या आणि आळीतल्या झाडून सगळ्या बायका होत्या.

"साहिल," भाऊ म्हणाले, "बाद केलंस ते बरोबर केलंस. फक्त कशामुळे बाद, ते माईकवर परत एकदा सांग. जरा मोठ्यानं."